कोथरूड ते लोणी काळभोर: माझ्या गिटारींच्या भेटीला

दसरा झाला की मी माझ्या गिटारी बघायला निघते. याआधी या ब्लॉगवर हंपीबद्दल लिहिलं होतं, कुमाऊंबद्दलही लिहिलं होतं. त्यामुळे काही जण म्हणतील, कोथरूडहून लोणी काळभोरला जाणं हा काय प्रवास झाला? पुण्यात राहणाऱ्यांना विचारा. आमच्या सोसायटीतली माणसं वर्षाआड अमेरिकेला जातात, पण हडपसर म्हटलं की "बाप रे, एवढ्या लांब?" म्हणतात.

नव्या वाचकांसाठी सांगते. सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून मी गिटारी बनवते. पावसाळाभर लाकूड ओल पितं, गिटारचं पोट फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. मग त्या दाबायला बोटांना जोर लावावा लागतो. म्हणून पाऊस सरला की माझ्या गिटारी ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या घरी मी स्वतः जाते आणि तारा पुन्हा खाली बसवून देते. नवरा याला 'लेकींच्या सासरी चक्कर' म्हणतो. मी हसते, पण एखाद्या लेकीच्या अंगावर ओरखडा दिसला की माझा चेहरा कसा होतो, ते त्यालाच ठाऊक.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. दुचाकी घरी ठेवा, बसचा दिवसाचा पास काढा. स्वारगेटला बस बदलावी लागते. सकाळी निघालात तर डाव्या बाजूची खिडकी धरा, ऊन उजवीकडून येतं. हडपसरच्या गाडीतळाजवळ उतरलात तर कांदाभजी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोबत तळलेली मिरची मिळते, ती मात्र जपून खा.

पहिला मुक्काम हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये होता. मनाली तिथे काम करते आणि कंपनीच्या बँडमध्ये वाजवते. गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर गिटार अशा थाटात ती खाली कँटीनमध्ये आली. गिटारवर तिने मांजरांचे तीन स्टिकर चिकटवले होते.

"ताई, प्लीज ओरडू नका. क्यूट दिसतंय की नाही?"

"लाकडाला श्वास घेऊ दे गं."

"घेतंय ना! माझ्यापेक्षा जास्त घेतंय. मला तर दिवसभर कॉल असतात."

तिच्या तारा खाली करायला फार वेळ लागला नाही. मी कानस पुसून ठेवत होते, तेवढ्यात ती सहज म्हणाली, "आनंददादांची गिटार काय भारी झालीय ना आता! बाणेरच्या त्या मुलाने मान बारीक करून दिली म्हणे."

मान म्हणजे गिटारचा लांब दांडा, ज्याच्यावर डावा हात फिरतो. ती बारीक करायची म्हणजे मी कोरलेलं लाकूड तासून काढायचं. मी चहा तसाच ठेवला आणि लोणीची बस पकडली.

सोलापूर रस्त्यावर बाहेर काय दिसलं ते मला सांगता येणार नाही, तेव्हा या भागाचे फोटो नाहीत. आनंद कांबळे माझं पहिलं गिऱ्हाईक. लोणीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. जयंतीच्या दिवसांत त्याला जेवायला सवड नसते. त्याचं वाजवणं ऐकूनच लोकांनी मला शोधत यायला सुरुवात केली.

माझी एक पद्धत आहे. काम घेतलं की मी माणसाच्या डाव्या हातात शाडूच्या मातीचा गोळा देते आणि गिटार धरल्यासारखी मूठ वळायला लावते. त्या ठशावरून मान कोरते. सगळ्यांच्या मुठी माझ्या फळीवर ओळीने मांडलेल्या आहेत, त्यात आनंदची पहिली. आणि त्या बाणेरच्याने, परदेशात शिकून आलेल्या, यंत्रावर लाकूड कापणाऱ्या त्या पोराने, त्याच मुठीवरून कोरलेल्या मानेवर रंधा फिरवला? त्याचं नाव मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

दार आनंदच्या बायकोने, सुजाताने उघडलं.

"या ताई. आज लई रागानं आलाय जणू. चपला तरी काढा."

आनंद आत सतरंजीवर बसला होता. माझ्याकडे बघून हसला. "मनाली बोलली वाटतं."

मी गिटार मांडीवर घेतली. मानेवरून तळवा फिरवला आणि ओळखीच्या जिन्यात एक पायरी कमी निघावी तसं झालं. माझं चकाकतं पॉलिश गेलं होतं, नुसतं तेल लावलेलं होतं. मी खोट शोधायला लागले. कुठे खड्डा, कुठे उंचसखल, रंध्याची एखादी खूण. अगदी मनापासून शोधली. सापडली नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की, ताई. संक्रांतीला आलो होतो तुमच्याकडं. मान जाड वाटतेय म्हणालो. तुम्ही काय केलं? फळीवरचा माझा गोळा काढला, मानेला लावून बघितला आणि म्हणालात, 'अगदी बरोबर आहे, आनंद. तुझा सराव कमी पडतोय.'"

मला आठवलं. तसंच म्हणाले होते मी. वर तिळाची वडीही दिली होती.

"गोळ्याला दुखत न्हाई, ताई," सुजाता म्हणाली. "ह्यांचा अंगठा दुखतोय. सकाळची बादली उचलाय येत न्हाई."

मी आनंदच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याचा सांधा सुजला होता. त्याने हात मांडीखाली घेतला.

"वाजव," मी म्हणाले.

त्याने वाजवलं. आधी हळू, मग त्याच्या नेहमीच्या चालीत. पूर्वी तो जिथे थांबायचा, तिथून आता हात सरळ पुढे जात होता. माझ्याच लाकडातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि त्याला जागा करून देणारी मी नव्हते. दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. टाळी वाजवावी की उठून निघून जावं, ते ठरेना.

तारा मात्र वर होत्याच. पावसाने बाणेरलाही सोडलेलं नव्हतं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती मी काढली आणि कानस लावली. थोडी घासायची, बसवायची, त्याला वाजवायला सांगायचं, अंगठ्याकडे बघायचं, पुन्हा घासायची. दरवर्षी मी हे काम पाठ असल्यासारखं उरकते. या वेळी मला काहीच पाठ नव्हतं.

"मानेचं काम चांगलं झालंय," शेवटी मी म्हणाले.

"मग फोन करून सांगा की त्याला," सुजाता म्हणाली. "खूश हुईल पोरगं."

"एवढं मोठं मन नाही माझं."

"माझं तरी कुठं हाय? इतकी वर्सं बघती मी. घरात पाऊल टाकलं की आधी ह्या गिटारीला पुसत्यात, मग मला पाणी मागत्यात. आन् तुम्ही आला की दोघं मिळून तिलाच बघत बसता."

आनंद खाली बघून तारा जुळवत राहिला. मग आम्ही दोघी हसलो. तिने पिठलं आणि ज्वारीची भाकरी वाढली. लोणीला गेलात तर हॉटेल शोधू नका, कुणाची तरी ओळख काढा.

परतीची बस हडपसरला अडकली. ऑफिसं सुटायच्या वेळी या रस्त्याला लागू नका. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. नवऱ्याने दार उघडताच विचारलं, "लेकी बऱ्या आहेत ना?"

"एक जरा जास्तच बरी आहे."

दोन दिवस झाले, हे लिहीत बसले आहे. त्या पोराच्या रंध्याचा मत्सर वाटतोय असं बसमध्ये वाटलं होतं. तसं नाही. चांगला रंधा बऱ्याच जणांना चालवता येतो. माझ्यासमोर आनंद नेहमी वाजवणारा हात घेऊन बसायचा. न वाजवता येणारा हात त्याने आधी माझ्याकडेच आणला होता, आणि मी मातीचं ऐकलं. मग तो हात त्याने दुसऱ्यापुढे उघडला. तिथे त्या पोराने नुसतं हाताकडे पाहिलं असणार.

काल माझ्या वादकांना मेसेज पाठवला. दरवर्षी 'गिटार कशी आहे?' असं विचारते. या वेळी 'बोटं कशी आहेत?' असं विचारलं. मनालीचं लगेच उत्तर आलं, "का हो ताई, काय झालं?" एकाने मनगटाला पट्टा बांधल्याचा फोटो पाठवला. मला ठाऊकच नव्हतं.

आनंदला मात्र अजून पाठवलेला नाही. त्याच्या अंगठ्याची बातमी माझ्याआधी बाणेरला कळते, आणि हे अजून माझ्या गळ्याखाली उतरत नाही.