इंदुताईंचं विरजण

आमच्या फुलसावंगीच्या इंदुताईंनी घरामागे मरळ माशाची पिल्लं वाढवायला टाकी बांधली, तेव्हा हसणारे पुष्कळ होते. दोन वर्षं पिल्लं आठव्या दिवशी पोट फुगून मेली. यंदा त्यांचे यजमान किसनराव स्पष्टच बोलले, "ह्या खेपेले गेली, तर टाकीत ढोरायसाठी पानी भरीन."

प्रशिक्षणात इंदुताईंना चांगल्या जिवाणूंची पावडर मिळाली होती. पाण्यातले बारीक किडे ती कालवलेल्या बादलीत ठेवायचे, ते किडे पिल्लांना घालायचे, म्हणजे पिल्लांचं पोट निरोगी राहतं. "म्हंजे विरजणच की!" त्या म्हणाल्या, आणि डोक्यात तेच नाव बसलं.

तिथंच घोटाळा झाला. विरजण म्हटलं की रात्रभर मुरायला हवं. त्यांनी तलावातले किडे बादलीत घेतले, पावडर घातली, वर ताट झाकलं आणि देवाला हात जोडून झोपल्या. सकाळी ताट काढलं तर आंबूस वास, किडे सगळे तळाशी. इकडे टाकीत अंड्यातून निघालेल्या पिल्लांची पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतली जन्मजात शिदोरी संपलेली. खायला आजच हवं होतं. मरळ उपाशी राहिली तर एकमेकांनाच गिळते.

त्या तशाच हजराबीकडे गेल्या. हजराबी रंगीत मासे विकते, तिच्या हौदात असे किडे बारमाही.

"काहून ताई, तोंड उतरलं?"

"किडे मेले वं. रातभर मुरू देले म्या. विरजण होय ना ते!"

हजराबी कपाळाला हात लावून हसली. "दूध हाय का ते? जिवंत जीव, ताटाखाली गुदमरले. दोन घंटे बस झाले. हे विरजण नाही ताई, फोडणी हाय. देली का लगेच वाढा!"

तिनं बादलीभर किडे दिले, वर हवा सोडायचा छोटा पंपही. पावडर घालून, पंप लावून दोन तास इंदुताई बादलीपाशी नामस्मरण करत बसल्या. मग किडे गाळून टाकीत सोडले. बारीक काळी पिल्लं त्यांच्यावर झेपावली. त्यानंतर रोज हाच नेम, आणि घरात त्याला नावही पडलं फोडणी.

आठव्या दिवशी सकाळी मात्र टाकीकडे जायला त्यांचं मन धजेना. देवापुढे दिवा लावला आणि किसनरावांनाच पाठवलं. इंदुताईंनी डोळे मिटून घेतले.

मग मागून हाक आली, "ऐकलं का वं? फोडणी आन लवकर. पोरं वाट पाहून राह्यली!"