मंगळवारी भेटलेला साक्षीदार

खटल्याच्या तिसऱ्या वर्षी वकिलांनी स्पष्टच सांगितलं, क्लबचं मागचं दार बंद होतं हे सिद्ध झालं नाही तर मालक सुटणार. जयपूरच्या त्या नाइट क्लबात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली आमची मुक्ता आगीत गेली. ती मागच्या दारापाशीच सापडली होती. तरी पंचनाम्यात दार 'उघडे' लिहिलेलं, आणि दुसऱ्या दिवशी ते दारच जागेवर नव्हतं. ह्यांची विम्यातली नोकरी, बदली होऊन हे नाशिकला गेले. मी मात्र खटल्यासाठी हट्टानं इथेच राहिले.

त्या मंगळवारी मोती डुंगरीच्या गणपतीकडे गेले ती भांडायला. जयपूरकर गणपतीला बुधवारी जातात. मी आपली मंगळवार धरून बसलेली, शेजारणी हसायच्या. देवळात गर्दी नव्हती. "विघ्नहर्ता कशाला म्हणवतोस मग?" असं मनातल्या मनात खडसावलं आणि पायरीवर फाइल उघडून बसले.

मुक्ताचा फोटो निसटला. एका माणसानं तो उचलला, पण परत देईना. त्याच्या हातांवर भाजल्याचे जुने ठिपके होते.

"इस बिटिया को अख़बार में देखा था. उसी क्लब में थी ना?"

मी होकारार्थी मान हलवली तसा तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं.

"वो पीछे का दरवाज़ा मैंने ही वेल्ड किया था, बहनजी. मालिक बोले, लोग बिना टिकट घुस आते हैं."

बुधवारी ओळखीचं कुणी भेटेल, या भीतीनं तो मंगळवारी यायचा. खोटं कशाला सांगू, माझा हात उठला होता. तो कसा आवरला, मला आजही कळत नाही. मी एवढंच विचारलं, "भैया, कोर्ट में बोलोगे?"

"मुझे भी जेल होगी?"

"हो सकती है," मी म्हटलं. गणपतीसमोर त्याला फसवणं जमलं नाही. मूर्तीला हात जोडून तो म्हणाला, "चलिए."

त्याच्या साक्षीवर मालकाला शिक्षा झाली. अपील चालू आहे, तारखा पडताहेत, मी एकही चुकवत नाही. देवाला शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. आपण चालत राहायचं आणि वाटेत कोण भेटावं ते त्याच्यावर सोडायचं. तो माणूस गणपतीनंच धाडला की योगायोग, या वादात मी पडत नाही. मी कृतज्ञ आहे.

पुढे त्या वेल्डरवरही खटला झाला. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? त्याच्या बाजूनं कोर्टात कुणीच नव्हतं. मी उठले. म्हटलं, "साहब, मैं उस बच्ची की माँ हूँ. इन पर रहम कीजिए."