सुतळीच्या आतली हरळी

हरळीशी वैर करावे ते आमच्या मामांनीच. कुंभकोणमला माणसे निवृत्त झाली की देवळांच्या प्रदक्षिणा घालतात. मामा परसाच्या घालतात, हातात भिंग आणि कानावर पेन्सिल घेऊन. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे सारी गल्ली त्यांना वाद्यार, म्हणजे मास्तर, म्हणते. आणि तणनाशकाच्या बाटलीवरील सूचना ते गल्लीला धड्यासारख्या वाचून दाखवतात. औषध लावण्यापूर्वी हरळी उपटू नये, उलट पाणी घालून हिरवीगार करावी. कारण औषध पानांतून शिरून मुळांत उतरते, हा पहिला धडा. त्यामुळे आठवडाभर मामा हरळीला पाणी घालताना दिसले आणि समोरच्या तमिळ आजींना वाटले, वाद्यार निवळले. पुढे दव सुकल्यावर, वारा पडलेला पाहून, हातमोजे चढवून, त्यांनी कुंचल्याने एकेक पान रंगवले. फवारा त्यांना बेशिस्त वाटतो. मध्येच पाऊस आला, तेव्हा छत्री त्यांनी स्वतःवर न धरता हरळीवर धरली.

अडचण एकच होती. मामींना रोज गणपतीला एकवीस दूर्वा लागत, आणि दूर्वा म्हणजे हीच हरळी. बाजारात जुडी मिळते. पण स्वतः खुडलेली नसेल तर मामी ती वाहत नाहीत. म्हणून औषधापूर्वीच मामांनी न्याय केला होता. नळाजवळ दोन हात जागा मोजून चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि जाहीर केले, "आत तुझा गणपती, बाहेर माझे शास्त्र."

"अहो, पण गवताला तुमची सुतळी दिसते का?"

"तू फक्त एकवीस मोज."

काही दिवसांत परस पिवळे पडले. मामा प्रसन्न. मग सुतळीच्या आतलेही पिवळे पडले. मुळांपर्यंत उतरते म्हणून ज्या औषधाची त्यांनी गल्लीभर वाखाणणी केली, तेच जमिनीलगतच्या धावत्या खोडांतून सुतळीखालून पलीकडे गेले होते.

"वाद्यारांनाच मार्क कमी पडले," मामी एवढेच म्हणाल्या. पण दुसऱ्या सकाळी सवयीने परडी घेऊन त्या परसात गेल्या, नळाजवळ जरा उभ्या राहिल्या आणि रिकामी परडी घेऊन परतल्या. मामांनी ते खिडकीतून पाहिले.

त्याच दिवशी ते बसने पट्टीश्वरमला गेले आणि शेताच्या बांधावरून मुळांसकट हरळी घेऊन आले. आता ती कुंडीत आहे. फरशीच्या फटीतही उगवणारी ही हरळी कुंडीत मात्र मोठ्या नाइलाजाने वाढते आहे. परवा मी गेलो, तर मामा भिंग घेऊन कुंडीपुढे उकिडवे बसले होते.

"सतरा," मागे न वळता ते म्हणाले. "अजून चार."

मामी दारात परडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुळीच घाई केली नाही.