सहा एकरांचा भूमिहीन

आईचं माहेर एकदा नीट पाहायचं, एवढ्याच हौसेने मी जानेवारीत पुण्याहून निघाले. बसने यवतमाळ, तिथे बसस्थानकाबाहेर तर्रीपोहे (चुकवू नका), मग एसटीने बाभुळगाव. पुढचे सात किलोमीटर काळीपिवळीत, माणशी वीस रुपये, गुडघे छातीशी घेऊन. रस्ता खराब आहे, पण दोन्ही बाजूंना कापूस असा फुटलेला की मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले.

शेत दाखवायला मामांनी नामदेवकाकांना सोबत दिलं. वय सत्तरीचं. त्यांचे वडील माझ्या आजोबांकडे सालगडी होते. काका आता त्याच शेतात रोजाने जातात. कमाल जमीन कायद्यात आजोबांची गुंठाभरही गेली नाही, हे आमच्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. कसं, ते मला बांधावर कळलं. जादा ठरणारे सहा एकर आजोबांनी सालगड्याच्या नावावर केले होते. आज सातबाऱ्यावर नाव नामदेवकाकांचं आणि पीक मामांच्या घरात.

"बाई, मामाले सांगून माह्यं नाव काढून द्या जी," काका म्हणाले. "पोरीले नवऱ्यानं टाकलं. तिच्यापायी भूमिहीनाच्या यादीत बसाचं हाय मले, सरकारची मदत भेटते. साहेब म्हणते, तुह्यापाशी सहा एकर हाय, तू कायचा भूमिहीन?"

"अहो काका, कायद्याने जमीन तुमचीच आहे. नाव कशाला काढता?"

त्यांनी कानांवर हात ठेवले. "माह्या बापानं देवळात बेल उचलला होता, कधी हक्क सांगनार नाही म्हनून. बापाची शपथ मोडू काय?"

कायदा आजोबांनी मोडला आणि शपथ गड्याला घातली. लाजेने मला काकांकडे बघवेना.

दुपारी जेवताना विषय काढला. मामांचा घास हातातच राहिला. "नाव काढाले गेलं तं सरकार जुनं सारं उकरते. दोन दिसाची पाहुनी तू, काहून आग लावून राह्यली?"

वांग्याची भाजी छान झाली होती. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

निघताना काका काळीपिवळीपर्यंत आले. हातात तुरीची पिशवी दिली. "तुमच्याच वावरातली हाय. मामाशी बोलल्या काय?"

"बोलले. बघतो म्हणाले," मी सांगितलं. काकांचा चेहरा उजळला.

घरी आल्यावर कापसाच्या फोटोंचं खूप कौतुक झालं. तुरीची डाळ भरडून आणली, आम्ही ती खाल्लीही. काकांचा फोन दर सोमवारी येतो. "बाई, झालं काय?" पहिले तीन फोन मी घेतले. आता त्यांचं नाव दिसलं की फोन पालथा घालून ठेवते.