आधी गट, मग तारीख

रक्तपेढीत त्यांना सगळे रांगबाई म्हणत. पाठीमागेच, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. कॉम्प्युटर आला तेव्हा 'आता बाईंचं काय होणार' म्हणून हळहळणारे केव्हाच निवृत्त झाले आणि डेटाबेस सांभाळायला बाईच उरल्या.

मुदत संपून फेकलेली रक्ताची पिशवी दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गेल्या महिन्यात अशा एकोणीस. नियम साधा: जिची मुदत आधी संपते, ती आधी द्यायची. पण फ्रिजवाल्या ताईने रक्तगट टाकून यादी मागितली की मशीन दीड मिनिट दळत बसायचं. खिडकीशी नातेवाईक ताटकळलेले, थांबणार कोण? ताई हाताला लागेल ती पिशवी द्यायची आणि मागची मागेच राहायची.

बाईंनी साहेबांना सांगितलं, "इंडेक्स हवा."

"आहे की तारखेचा."

"नुसता तारखेचा. म्हणून तर मशीन सगळ्या गटांच्या, वर्षानुवर्षांच्या वापरलेल्या पिशव्यासुद्धा उलथत बसतं. आधी गट, मग शिल्लक आहे की नाही, मग तारीख, असा लावू द्या. रांग आयती लावलेली मिळेल, दर वेळी नव्याने लावायला नको."

"मोठं मशीन येतंय. तोवर हात लावायचा नाही."

साहेबांचा कारभार उंटावरून शेळ्या हाकायचा. फ्रिज त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता. वर लेखी हुकूम आला: डेटाबेसमध्ये बदल केल्यास तळघरातल्या भांडारात बदली.

घरी नवरा म्हणाला, "दोन वर्षं राहिलीत. गप्प बस की."

"गप्प बसूनच एकोणीस गेल्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, सगळ्यांदेखत, त्यांनी डेटाची नक्कल काढून ठेवली आणि इंडेक्स लावला. चोरून काही नाही. वहीत वेळ लिहिली, खाली सही ठोकली. ताईने गट टाकला, तर बोट उचलेपर्यंत यादी समोर. सगळ्यात वर उद्या मुदत संपणारी पिशवी होती. ताईने ती मागच्या कप्प्यातून हुडकून काढली.

दुपारी साहेब बदलीचा कागद घेऊन आले. "माफीचं पत्र द्या, तो इंडेक्स काढून टाका, मी हा फाडतो."

बाईंनी खुर्ची सोडली. "हुकूम तुमचा, तर हातही तुमचाच लागू दे. बसा. एकच ओळ आहे, सांगते तशी टाइप करा."

साहेब बसले. तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले; त्यांच्या मुलीचं ऑपरेशन चालू होतं. ताईने साहेबांच्या बाजूने हात घालून गट टाकला, यादी पाहिली आणि पिशवी घेऊन धावली. साहेबांनी की-बोर्ड मागे सारला. मग उठले.

"राहू दे इंडेक्स. पण माफी?"

"ती मिळणार नाही."

"भांडारात कॉम्प्युटर नाही, सांगून ठेवतो."

"मग तिथे तुम्हाला हुकूम काढायचा त्रास नाही," बाई म्हणाल्या. बदलीच्या कागदावर सही केली, चष्मा उचलला आणि ताठ मानेने तळघराचा जिना उतरल्या.