धाकट्याचा शेवटचा पाइप

फोरमन शब्दाला पक्का आणि डोक्यानं तिरसट. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाही तर बायकोच्या कामात लुडबुड. ह्यानं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाशी वैर धरलं. कुणीही यावं आणि लेख दुरुस्त करावा, असा तो कोश. शास्त्रज्ञांसाठी जमिनीच्या पोटात पाडलेल्या ज्या भोकावर ह्याची हयात गेली, त्याची खोली लेखात नऊ मीटरनं कमी लिहिली होती. नऊ मीटर म्हणजे एकाला एक जोडत भोकात सोडायच्या पाइपांपैकी एक पाइप. आणि तो शेवटचा पाइप धाकट्या भावानं जोडला होता. जोडून मागे सरतो न सरतो तोच पाइप उचलणारा वरचा अवजड हूक कोसळला, आणि भाऊ जागीच गेला. पुढे काम कायमचं बंद पडलं.

भावाची मुलगी तेव्हा रांगत होती. काकानंच तिला वाढवलं, आणि काकाला संगणक शिकवला तिनं. "काका, बाबांचा पाइप त्यात आला पाहिजे हं," एवढंच तिचं मागणं.

काका आकडा वाढवायचा, 'कासव' नावाचा कुणी संपादक तो पुन्हा खाली आणायचा. "पुरावा द्या." "मी स्वतः होतो तिथे, हाच पुरावा!" चर्चेच्या पानावर नुसती खडाजंगी. भोकात गेलेले पाइप मोजायचे आणि खोली सांगायची, ही ह्यांच्या धंद्याची रीत. कासव म्हणजे पुस्तकी किडा, त्याला काय कळतंय, असं काका घरभर सांगत फिरायचा.

एका दुपारी कासवानं भांडण सोडून साधा प्रश्न टाकला. "रागावू नका. पाइप जोडताना खालचं बिट, दगड कापणारं ते टोक, तळापासून वर उचलतात ना? त्या पाइपानंतर ते पुन्हा तळाला टेकलं का? हो म्हणालात, तर मी आकड्याला हात लावणार नाही."

पुतणी शेजारीच होती. "लिहा ना, हो म्हणून."

 इतकी वर्षं हे काकानं स्वतःला विचारलंच नव्हतं, धाडसच नव्हतं. बिट अधांतरी राहिलं होतं. तळ तसूभरही पुढे गेला नव्हता. एका बोटानं त्यानं टाइप केलं, "नाही. टेकलं नाही."

"म्हणजे बाबांचं काहीच..."

"त्यानं जोडणी पक्की केली होती गं," काका म्हणाला. "दगडापर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही त्याला." आणि तो तिरसट माणूस पोरीसमोर ढसाढसा रडला. उत्तर पाठवायला काही त्याचं बोट पुढे होईना.

शेवटी बटण तिनं दाबलं.