शुभाच्या पेशींचा रविवार

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा लालबागच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाशी मिरचीच्या भावावरून भांडत होते. पलीकडे माझी मुलगी मानसी नुसती हुंदके देत होती. तिचे आजोबा गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती... खरं सांगते, मैत्रिणीच्या आधी मला तेच आठवलं.

भोईवाड्याच्या चाळीत आम्ही दोघी शेजारी. ती शिकली, मी नवरा गेल्यावर मसाल्याचं दुकान उभं केलं. परळच्या प्रयोगशाळेत ती कॅन्सरच्या पेशी वाढवायची. सपाट बशीत नाही, स्पंजासारख्या बारीक सांगाड्यात. "अगं, तुझ्या घावनाला जाळी पडते ना, तशी," ती सांगायची. "बशीत पेशी चटईवर लोळल्यासारख्या पसरतात. शरीरात गाठ करून बसतात. जाळीत शिरल्या की बऱ्याचशा तशाच वागतात. मग कळतं, औषध आतपर्यंत पोचतं की नाही."

एमएस्सी झाल्यावर मानसीला तिच्याकडे मीच पाठवलं. "सहा महिने शिकव आणि परत दे," मी बजावलं. "इथेही भाव ठरवतेस होय गं?" शुभा हसली. त्याला सहा वर्षं झाली. मानसीच्या तोंडी सतत शुभामावशी; जेवताना मावशी, भांडताना मावशी. रविवारीही दोघी पेशींचं पाणी, म्हणजे त्यांचं खाणंच, बदलायला जायच्या. पेशींना म्हणे सुट्टी नसते. एकदा मी फोनवर शुभाला वाट्टेल ते बोलले. "तुला पोर नाही म्हणून माझी घेतलीस?" ती एवढंच म्हणाली, "आज लवकर पाठवते हं." मी माफी मागितली नाही...

शोकसभेत मानसी माईकवर म्हणाली, "मला मावशीने घडवलं." तिसऱ्या रांगेत मी ओठ चावत बसले होते.

गेल्या रविवारी हट्टाने मानसीबरोबर प्रयोगशाळेत गेले. जाळीला धक्का न लावता ती जुनं गुलाबी पाणी काढून नवं घालत होती.

"इतकं हळू?"

"मावशी म्हणायची, घाई केलीस तर निसटतात."

"आणि किती दिवस चालणार हे?"

"उत्तर मिळेपर्यंत, आई."

तिची मान थेट शुभासारखी कललेली. शुभा असती तर भांडून, रडून, निदान रविवार तरी मी सोडवून घेतला असता. मेलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची? पाय भरून आले होते. खिडकीजवळ एक खुर्ची रिकामी दिसली, ती मी ओढली.

"आई, मावशीच्या खुर्चीवर नको," मानसी वर न बघता म्हणाली.

मी उभीच राहिले.